इंग्लंडात राहून अमेरिकन फुटबॉल: बघता-खेळता का कोणी?

प्रश्न: इथे युनिव्हर्सिटीत आल्यापासून एनएफएलचं (अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग) वेड लागलंय, पण सुपर बोल, म्हणजे तिची फायनल, रात्री साडेअकराला सुरू होतो आणि संपेपर्यंत पहाटेचे तीन-साडेतीन वाजतात, सोमवारी लेक्चर असतं. तुम्ही कसं जमवता? आणि नवख्याला खेळायला घेतात का?

उत्तर १: रविवारची संध्याकाळी सहाची मॅच धर, ती आरामात होते. सुपर बोलनंतर मी सरळ सुट्टी टाकतो. इथली जुनी मंडळी १९८२ ला चॅनल फोरवर हायलाइट्स बघून फॅन झालेली. २००७ ला वेम्बलीत जायंट्सनी डॉल्फिन्सना १३-१० हरवलं तेव्हा मी वरच्या स्टँडमध्ये होतो, पावसाने मैदानाचा पार चिखल झालेला, पण प्रेक्षकांत जवळपास सगळ्याच टीमच्या जर्सी दिसत होत्या, ते दृश्य अजून डोळ्यासमोर आहे.

उत्तर २: घेतात की, बिनधास्त जा! मी आधी कधीच खेळलो नव्हतो, ऑफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या पुढच्या फळीत, टाकलं मला. रग्बीत बॉल हातात नसलेल्याला अडवता येत नाही, इथे तेच तुझं काम, ही सवय बदलायलाच दोन महिने गेले. हेल्मेट घट्टच बसलं पाहिजे, हलवलं तर कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे, सैल अजिबात घेऊ नकोस.

प्रश्नकर्ता: थँक्यू दादा, बुधवारी प्रॅक्टिसला जातोय.

उत्तर ३: माउथगार्ड स्वतःचा ने हं.