चळवळीत देव आला की चळवळ मरते?

गोदाकाठ:
"हरिनाम सप्ताहांनी समाज बदलला असता तर मराठवाडा पुण्याच्या पुढं असता. चळवळीत देव आला की चळवळ मेली." कालची ही पोस्ट डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. निजामाविरुद्ध हैदराबाद स्टेट काँग्रेस कुणी चालवली? भगव्या कपड्यातल्या संन्याशानं, रामानंद तीर्थांनी. १९३८ ला हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातली पोरं कशापायी काढली? वसतिगृहाच्या प्रार्थनेत वंदे मातरम् म्हटलं म्हणून. आजोबा सांगायचे, सभेला बंदी असली तरी भजनाला कोण अडवणार? निरोप टाळांच्या आवाजात फिरायचे.

पोस्टवाला:
रामानंद तीर्थ आधी ना. म. जोशींबरोबर कामगार चळवळीत होते, ते सोयीनं गाळलं. अन् धर्म निजामाच्या बाजूच्या रझाकारांनीपण वापरला की. त्यालाबी परिवर्तन म्हणायचं का?

नागसेनवन:
भजनाचं कौतुक आम्हाला नका सांगू. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला अन् इकडं आमच्या वस्त्या पेटल्या. मी दुसरीत होतो. आजीनं आम्हाला ओढ्यात दडवलं. अंधारात तिनं एक आवाज ओळखला, सप्ताहात पखवाज वाजवणाऱ्याचा. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. पण पोस्टवाले, तुम्हीपण ऐका. १९५६ ला बाबासाहेबांनी धर्म टाकला नाही, बदलला. त्याच आजीनं देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले अन् बापाला शाळेत घातलं. ती चळवळ मेली का?

बालाघाटी:
ते सगळं ठीक. आमच्याकडं सप्ताहाच्या शेवटच्या, काल्याच्या कीर्तनाची बिदागी लाखाच्या घरात गेलीय, त्यावर कुणीच बोलत नाही. गावाला टँकरचं पाणी अन् वर्गणी घरटी. महाराजांना गाडी एसीचीच लागते.

टाळकरी:
लाखवाले मोजके आहेत. आम्ही दोन हजारात जातो, पेट्रोल आमचं, रात्री बाराला गार पिठलं. डॉक्टरनं फी घेतली की हुशार अन् आम्ही घेतली की लुटारू?

बालाघाटी:
डॉक्टर 'धन मातीसमान' सांगून फी घेत नाही.

टाळकरी:
तुमची वर्गणी किती राहिलीय ते सांगू का इथं?

गोदाकाठ:
बिदागीचं भांडण दुसरीकडं करा राव! धागा कशावर अन् चाललंय काय.

सखूची लेक:
बायकांनी बोललेलं चालतंय ना? आमच्या सप्ताहात एका महाराजांनी काल्याच्या दिवशी विधवा बायांना पुढं बोलावून कुंकू लावायला सांगितलं. मंडपात चिडीचूप. पाच जणी उठल्या, त्यात माझ्या सासूबाई. चुलतसासरे वर्षभर आमच्या घरी चहाला आले नाहीत. सासूबाई अजून लावतात. मोर्चा आला असता तर त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नसत्या, हे मी पैजेवर सांगते. त्या महाराजांना मात्र पुन्हा कुणी बोलावलं नाही.

पोस्टवाला:
बरं बाई, कुंकवाचं मान्य. नुसतं कुंकवाचं. अन् त्यांना पुन्हा बोलावलं नाही, हे माझ्या बाजूनं धरा.

गोदाकाठ:
धरा. अन् नागसेनवन, तुमच्या आजीपुढं माझं तोंड बंद. पण आता तसं राहिलं नाही. आमच्या सप्ताहात सगळ्या गावाची पंगत एकच बसते.

नागसेनवन:
अन् वाढायला कोण असतं?

गोदाकाठ:
वाढायला... आमचीच पोरं असतात.

नागसेनवन:
"आमची" म्हणजे?

बालाघाटी:
अन् हिशोब कोण वाचतं तेपण सांगा.