ऑनलाइन लिलावात तुम्हाला काय स्वस्तात मिळालं? (आणि काय अंगाशी आलं?)

गोल्टी

परवा माळा आवरताना एक खोकं हाती लागलं. त्यावर माझ्या तेव्हाच्या खोलीचा, नाशिकच्या रविवार कारंज्याचा पत्ता, कुणाच्या तरी वळणदार अक्षरात. आत याशिका इलेक्ट्रो ३५, माझा जुना कॅमेरा. तास दीड तास मग आवराआवर राहिलीच.

गोष्ट २००४ची. तेव्हा बाझी डॉट कॉम नावाची लिलावाची साइट होती. त्याच वर्षी ती ईबेनं विकत घेतली, आणि पुढे ऑगस्ट २०१८मध्ये ईबेनंही इथलं दुकान बंद केलं. मी कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत बसून बघायचो. जाहिरातीचा मथळा होता नुसता ‘जुना कॅमेरा’. कंपनीचं नाव नाही, फोटो धूसर. पण डोक्यावर दोन बारीक ठिपके दिसत होते, एक पिवळा, एक लाल. उजेड कमी की जास्त ते सांगणारे हे दिवे माझ्या मामाच्या कॅमेऱ्यावर होते, म्हणून ओळखले. मथळ्यात ‘याशिका’ असतं तर मुंबई-पुण्याचे शौकीन तुटून पडले असते. इथे आम्ही दोघंच.

मी कमाल आकडा ९०० टाकून उठलो. त्या साइटवर तुमचा कमाल आकडा कुणाला दिसायचा नाही. समोरचा चढवेल तसं यंत्रच तुमच्या वतीनं एकेक पायरी चढायचं. समोरच्याचा दम ६००ला संपला, कॅमेरा मला ६२०ला मिळाला. याची पाऱ्याची बॅटरी बाजारातून कधीच गेलेली, म्हणून सहा व्होल्टची लहान बॅटरी, एक स्प्रिंग आणि भोवती पुठ्ठ्याची नळी असा जुगाड केला. अजून चालतो.

मी निफाडकडचा. लासलगावच्या लिलावात लहानपणापासून बघतोय, मुरलेला व्यापारी ट्रॉलीवरचा वरचा कांदा बघतच नाही. हात कोपरापर्यंत खाली घालतो, आतला काढतो, गोल्टी म्हणजे बारका कांदा किती ते बघतो, मग भाव बोलतो. ऑनलाइन लिलावात हात घालता येत नाही, एवढाच फरक. तर तुम्ही काय काढलंत आतून? फसगतही लिहा, लाजू नका.

चावीचं घड्याळ

फोटोत हात घालता येतो की! एचएमटी घड्याळं गोळा करतो, तेव्हा अनुभवानं सांगतो.

एचएमटीची घड्याळं बनायची थांबली आणि भाव चढले. २०१६मध्ये कारखाना बंद करायचा निर्णय झाला, त्यानंतर तर ज्याच्या त्याच्या आजोबांचं ‘जनता’ मॉडेल विक्रीला आलं. यातली निम्मीअधिक रिडायल केलेली असतात. म्हणजे मशीन जुनं, पण तबकडी धुऊन पुन्हा छापलेली. ओळखायचं कसं? विक्रेत्याकडून तबकडीचा जवळून, तिरप्या उजेडात फोटो मागवायचा. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या असतात. रिडायलमध्ये ‘जनता’ची शिरोरेघ कुठे जाड, कुठे बारीक, आणि मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळत नाहीत. फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घ्यायचं नाही. विषय संपला.

माझा सगळ्यात स्वस्त सौदा झाला तो विकणाऱ्याच्या घाईमुळे. त्यानं एचएमटीचं ‘एमएचटी’ टाइप केलं होतं. शोधात ते कुणाला येणारच नाही. मी मुद्दाम चुकीची स्पेलिंगं टाकून शोधतो, आठवड्यातून एकदा, रविवारी मिसळ खाऊन आल्यावर. पांढऱ्या तबकडीचं, सतरा ज्वेलचं, चावी दिली की दिवसभर चालणारं ‘जनता’ ३१० रुपयांत. एकट्या माझीच बोली. विकणाऱ्यानं नंतर विचारलं, तुम्हाला हे सापडलं कसं? मी म्हटलं, नशीब.

लिंक रोड

शेवटच्या दहा सेकंदांत बोली मारणारे इथे किती आहेत? मी त्यातलाच. आधी बोली लावली की बघणारे चेकाळतात, म्हणून गप्प बसायचं आणि घड्याळाकडे डोळे लावायचे. एकदा स्पीकरच्या जोडीसाठी रात्री अकरापर्यंत जागलो. अठरा सेकंद उरली आणि लाईट गेली. राउटर बंद. मोबाइलवर साइट उघडेपर्यंत माल दुसऱ्याचा. गोल्टीसारखा कमाल आकडा टाकून झोपलो असतो तर बरं झालं असतं, बायको अजून ऐकवते.

अंबडचा शेड नं.

लिंक रोडभाऊ, तुमची दहा सेकंदांची युक्ती सरकारी लिलावात चालत नाही. आम्ही एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या साइटवर भंगार घेतो. ही कंपनी १९६४ची, भंगाराच्या व्यापारासाठीच काढलेली. तिथे शेवटच्या मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ आपोआप वाढते. पुन्हा कुणी लावली, पुन्हा वाढते. एकदा दुपारी तीनला संपायचा लॉट सव्वापाचला संपला. सगळ्यांचा चहा थंड.

नवख्यांनी एक लक्षात घ्या. माल ‘जसा आहे, जिथे आहे’ या अटीवर असतो. नंतर कुरकुर चालत नाही. त्यामुळे पाहणीचा दिवस चुकवायचा नाही. मी जाताना खिशात चुंबक आणि मीटर ठेवतो. एकदा जुन्या मोटरींचा लॉट होता. बाकीच्यांनी ढिगाभोवती एक चक्कर मारली आणि लोखंडाच्या भावानं हिशोब केला. मी पंधरावीस मोटरींची टर्मिनलची झाकणं उघडून बघितली. वाइंडिंग तांब्याचं, बऱ्याच मोटरी जळालेल्यासुद्धा नव्हत्या. सात तर आम्ही बेअरिंग बदलून शेडमध्येच चालवल्या, बाकीच्या खोलून तांबं वेगळं केलं.

पण हे वाचून लगेच उडी मारू नका. बोलीच्या वर जीएसटी आहे. अनामत आधी भरायची. हायड्रा क्रेन तुमची, ट्रक तुमचा, माथाडी तुमचे, आणि ठरल्या दिवसांत माल उचलला नाही तर जागेचं भाडं लागतं. पहिल्या लॉटला मी हे काहीच धरलं नव्हतं. कागदावर फायदा, हातात भोपळा.

इंदिरानगरची ताई

तुम्हा सगळ्यांचं यंत्र आणि भंगार झालं, आता भांड्यांचं ऐका.

‘जागेवरून न्यावे लागेल’ असं लिहिलेल्या वस्तू मी आधी उघडते. जड, अवघड वस्तू कुरिअरनं येत नाहीत, त्यामुळे बोली लावणारे फक्त त्या गावचे. तीन वर्षांपूर्वी संगमनेरच्या एकांनी तांब्याचा बंब ठेवला होता. वाडा पाडायचा होता म्हणे. फोटोत तो काळाठिक्कर, शेजारी सिमेंटची गोणी. मी फोन करून वजन विचारलं. बंब ठेवता येईल असा काटा नव्हता त्यांच्याकडे, तर म्हटलं, आधी तुम्ही एकटे माणसांच्या वजनकाट्यावर उभे राहा, मग बंब उचलून उभे राहा. हसले, पण केलं. तेरा किलो निघाला. जोडाईचं आणि काजळीचं दीड किलो वजा केलं, उरलेल्याला मोडीतल्या तांब्याचा भाव लावला, त्याच्याही खाली आकडा ठेवला, आणि त्या आकड्याला तो मिळाला. ४,२०० रुपये. भिकार दिसला तरी मोडीच्या भावात माझं नुकसान नव्हतं.

आमचे हे म्हणाले, गॅस गीझर असताना बंब? गाडीच्या मागच्या सीटवर सीटबेल्ट लावून आणला. चिंच आणि मीठ लावून दोन रविवार घासला. खांद्याजवळ एक टवका होता, तो जुन्या नाशकातल्या एका तांबटकाकांनी बुजवून दिला. पैसे घेतले, वर म्हणाले, असलं काम आता कोण आणतं. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला पेटवला, धुराच्या वासासकट. पोरं अंगणात उभी राहून व्हिडिओ काढत होती.

तोटी मात्र गेलेली आहे. लाकडी बुच मारून काम चालवते.

छापखाना (निवृत्त)

मी नाशिकरोडला पोस्टाची तिकिटं छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये तीस वर्षं होतो, आणि घरी तिकिटं जमवतो. सुताराच्या घरी पाट मोडका, तसं नाही; आमच्याकडे पाटच पाट.

ऑनलाइन लिलावात १९४८चं गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट दर महिन्याला येतं. एका महाशयांनी वर्णनात लिहिलं होतं, ‘दुर्मिळ, नाशिक छपाई’. मी मोठ्यानं हसलो, सौ. स्वयंपाकघरातून बघायला आली. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५पासून आहे हे खरं, पण १५ ऑगस्ट १९४८ला निघालेली ती चार तिकिटं स्वित्झर्लंडमध्ये कूर्व्हॉज्ये यांच्याकडे छापली होती. म्हणजे ‘नाशिक छपाई’ असली तर ती नकलच. विकणाऱ्याला नम्रपणे कळवलं. त्यानं मला ब्लॉक केलं. बोली तेव्हा सहा हजारांवर होती.

स्वस्त काय मिळालं? ‘जुनी पोस्टकार्डं, पाकिटं, साधारण दोनशे’ असा गठ्ठा. असे गठ्ठे कुणी नीट बघत नाही, वेचायचा कंटाळा. ३५० रुपयांना घेतला. एका पाकिटावर पंचम जॉर्जचं तिकीट आणि त्यावर त्र्यंबकच्या पोस्टाचा स्वच्छ, गोल शिक्का. तिकिटाला किंमत नाही, शिक्क्याला आहे. आत पत्र नव्हतं, वाईट वाटलं.

गोल्टी

काका, नाण्यांचं काय? नहपान या क्षत्रप राजाचं चांदीचं नाणं बघितलं एका परदेशी साइटवर, ‘जोगळटेंभी’ असं नाव लिहिलेलं. आपल्याच जिल्ह्यातलं, म्हणून हात शिवशिवतोय.

छापखाना (निवृत्त)

हात खिशात ठेवा. जोगळटेंभीचा साठा १९०६ साली सापडला, तेरा हजारांवर नाणी, त्यातल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला. म्हणूनच नकला करणाऱ्यांचं ते आवडतं नाव. ओतीव नकलेच्या कडेला साच्याची बारीक शिवण दिसते आणि पृष्ठावर बुडबुड्यांचे खड्डे. फोटोतून कळेलच असं नाही. आधी अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेत जाऊन खरी नाणी डोळ्यांनी बघा, डोळा तयार होऊ द्या. आणि शंभर वर्षांवरच्या नाण्याला १९७२चा पुरावस्तू कायदा लागतो, ते देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘भारतातून थेट पाठवतो’ असं परदेशी साइटवर कुणी लिहिलं असेल तर तिथेच थांबायचं.

दुसरं, ‘तुमचं जुनं नाणं लाखात घेतो, आधी शुल्क भरा’ असे फोन येतात ना, रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून? बँकेनंच ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर केलंय की असलं शुल्क ती घेत नाही. माझ्या मेव्हण्यानं भरलं होतं. किती ते तो सांगत नाही.

सातपूरकर

लाज बाजूला ठेवून सांगतो. गाडी धुवायचं प्रेशर मशीन. समोर कुणीतरी एक होता, मी ५० चढवले की तो ५० चढवायचा. रात्री साडेदहाला मला ते मशीन नको होतं, तो माणूस हरायला हवा होता. ४,३०० ला जिंकलो. सकाळी मेनरोडला बिलासकट, वॉरंटीसकट नवं ३,९०० ला बघितलं. वापरलेलं आलं, त्याचा पाइप गळतो. आता बोलीच्या आधी नव्याचा भाव कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवतो.

छापखाना (निवृत्त)

इंदिरानगरच्या ताई, आमच्या आईच्या बंबाची पितळी तोटी माळ्यावर पडून आहे. बंब केव्हाच मोडीत गेला. तुमच्या भोकाचं माप पाठवा, आटे जुळले तर घेऊन जा.

इंदिरानगरची ताई

काका, आत्ता दोरा लावून मोजलं, पाऊण इंच भरतं. पैसे काय द्यायचे?

छापखाना (निवृत्त)

पैसे कसले. पाव किलो कोंडाजी चिवडा.

सातपूरकर

अर्धा किलो. माझ्याकडे बंब नाही.