काम टाळताना तुम्ही नेमकं काय टाळत होतात?

अनुवादाचं एक काम होतं. चाळीस पानं, सोमवारची मुदत. शनिवारी रात्री साडेअकराला मी ओट्यापाशी उभी राहून गॅसच्या बर्नरची भोकं सेफ्टी पिनेने एकेक करून मोकळी करत होते. वर्षभर ज्या बर्नरकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तोच! नवरा पाणी प्यायला उठला आणि म्हणाला, "सोमवारी काही द्यायचंय वाटतं?"

आळशी माणूस झोपतो हो. मी घाम गाळत होते. फ्युशा सिरवा आणि टिमथी पिचल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली लिहिलंय की चालढकलीचं मूळ घड्याळात कमी आणि मनःस्थितीत जास्त असतं. काम समोर आलं की जे नकोसं वाटतं, ते आत्तापुरतं घालवायला आपण दुसरं काहीतरी हातात घेतो. मला पटलं. कारण पहिल्याच पानावरचा एक परिच्छेद मला कळला नव्हता आणि संपादकांना तसं कळवायची लाज वाटत होती. बाकीची एकोणचाळीस पानं उगाच बदनाम झाली.

म्हणून हा धागा. 'वेळापत्रक करा' छाप सल्ले नकोत, ते सगळ्यांच्या फ्रिजवर चिकटवलेले आहेत. टाळलेलं एक काम सांगा, ते टाळताना खरं काय टाळत होतात ते सांगा. सुटका झाली असेल तर कशी, तेही.

हिशेबनीस:
इन्कम टॅक्स रिटर्न. दरवर्षी. उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर उशिराचे ५००० रुपये, त्याखाली १०००. मी दोनदा ५००० मोजलेत. २०२५ ला मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरला गेली, म्हटलं आता निवांत करू. १५ ला रात्री बसलो तर बँकेचा एक कागद सापडेना. नशिबाने मुदत आणखी एक दिवस वाढली, १६ ला भरलं. दीड महिना जास्त मिळूनही एक मिनिट लवकर नाही! टाळत काय होतो, तर वर्षभरात किती उडवले तो आकडा. सुटका वगैरे काही झालेली नाही.

काळी माती:
वडील जाऊन दोन वर्षं झाली. सातबाऱ्यावर त्यांचंच नाव. वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो हे मला पक्कं ठाऊक, गावात दुसऱ्यांचे अर्ज मीच लिहून देतो. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, आधारच्या झेरॉक्सा, सगळं एका निळ्या पिशवीत घालून पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवली. येता-जाता खांद्याला लागायची. आई विचारायची, कधी जातोस? पेरणी होऊ दे. मग काढणी होऊ दे. मग तलाठी भाऊसाहेब रजेवर आहेत. भाऊसाहेब कुठले रजेवर, रोज चौकात दिसायचे.

पीककर्जाला गेलो तर सांगितलं, उताऱ्यावर नाव नाही तर कर्ज नाही. उसनवारी करून बी-खत आणलं, पण तलाठी कार्यालयात गेलो नाही.

नोंद झाली की जुन्या नावाला कंस होतो. एवढंच कारण. बापाच्या नावाला कंस घाला असा अर्ज आपल्या हातानं लिहायचा, ते होईना.

आत्याचा मुलगा आला होता. काही बोलला नाही. पिशवी काढली, मोटारसायकलच्या हँडलला लावली आणि म्हणाला, चल, चहा पिऊन येऊ. चहाची टपरी तलाठी कार्यालयासमोर. अर्ज द्यायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

गोडघाशा:
मधुमेह आठ वर्षं आहे. तपासणीआधी आठवडाभर भात बंद, कारल्याचा रस, मग उपाशीपोटीची साखर झकास. डॉक्टरीणबाईंनी ओळखलं आणि एचबीएवनसी लिहून दिली. ती साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, आठवड्याच्या पुण्याईला भुलत नाही. चिठ्ठी पाच महिने पाकिटात, घामाने अक्षरं पसरली. एका सकाळी दाढी करत होतो तर बेल वाजली, हिने लॅबच्या मुलालाच घरी बोलावलेलं. अर्ध्या गालावर साबण ठेवून हात पुढे केला. ९.१ आली. मी मनात १२ धरून बसलो होतो.

तिसरं प्रकरण:
पीएचडी. "जरा नीट करून पाठवते" म्हणत सात महिने गाईडना तिसरं प्रकरण पाठवलं नाही. न पाठवलेल्या प्रकरणात चुका कोण काढणार? टोमॅटोवाली युक्ती (२५ मिनिटं काम, ५ विश्रांती, फ्रान्चेस्को सिरिलोकडे टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ होतं म्हणून ते नाव) करून पाहिली. २५ मिनिटं घड्याळाकडेच बघत बसले.

मग २०१० चा एक अभ्यास वाचनात आला. पहिल्या परीक्षेआधी टाळाटाळ केली म्हणून ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी टाळाटाळ केली. वाचून रागच आला. मी रोज रात्री स्वतःला शिव्या घालून झोपायचे आणि सकाळी फाइल उघडायची आणखी भीती वाटायची. शेवटी फाइलचं नाव बदलून 'घाण मसुदा' ठेवलं आणि तेवीस पानं तशीच पाठवली. सरांनी लाल केलीत. पण तेवीसच पानं लाल आहेत, मी नाही.

स्पष्टवक्ती:
सगळ्यामागे जखम शोधू नका बाई. माळ्यावरची ट्रंक मी चार वर्षं आवरली नाही, कारण माळा उंच आहे, धूळ आहे आणि माझे गुडघे दुखतात. झालं. भाच्याला दोनशे रुपये दिले, त्याने उतरवली.

धागाकर्ती:
स्पष्टवक्ती, कबूल. पण ट्रंकेत काय निघालं?
मी संपादकांना त्या परिच्छेदाबद्दल विचारलं. त्यांनी दोन ओळींत समजावलं, वर दोन दिवस वाढवून दिले. ते दोन दिवस कुठे गेले विचारू नका, चिमणीची जाळी आता चकाचक आहे.
काळी माती, फेरफार मंजूर झाला का?

स्पष्टवक्ती:
नाही सांगणार.

काळी माती:
नोटिशीचे १५ दिवस परवा संपतात ताई. हरकत कोण घेणार, मग मंडळ अधिकाऱ्यांची सही. आई म्हणते नवा उतारा आण, पण जुना टाकू नको. जुना लॅमिनेशनला दिलाय.