जुनी झुडपं मुळासकट हलवायची आहेत: अनंत, जास्वंद आणि बोगनवेल

ओसरी

मंडळी, मदत हवी आहे. आईच्या व्हीलचेअरसाठी घराच्या एका बाजूने रॅम्प बांधायचाय आणि नेमकी त्याच पट्ट्यात आमची तीन जुनी झुडपं आहेत. अनंत छातीएवढा, चांगला भरलेला, बुंधा साधारण मनगटाएवढा. जास्वंद डोक्याच्या वर गेलीय. आणि एक बोगनवेल, तिचा विस्तार विचारूच नका. तिन्ही जमिनीतच लावलेली आहेत, कुंडीत नाहीत, आणि दहा-बारा वर्षांची तरी असतील.

बांधकामाला अजून तीनेक महिने आहेत. बागेच्या मागच्या बाजूला जागा आहे. गवंडी म्हणतो, तोडून टाका, नवीन लावा. पण अनंत आईने लावलेला आहे, तो जाऊ द्यायचा नाही. एवढी जुनी झाडं जगतात का? कशी काढू? अनुभव असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मातीमित्र

जगतात. तुमच्या हातात तीन महिने आहेत, हे फार चांगलं झालं. बहुतेक लोक खड्डा खणायच्या आदल्या दिवशी विचारतात.

जाड मुळं झाडाला धरून ठेवतात. पाणी ओढण्याचं काम करतात ती केसासारखी बारीक मुळं. जुन्या झुडपात ही बारीक मुळं बुंध्यापासून लांब, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात आणि बहुतेक वरच्या फूटभर मातीत असतात. तुम्ही बुंध्याजवळ गोळा कापून काढलात, तर हातात फक्त जाड मुळं येतात आणि झाड उपाशी मरतं. म्हणून आधी बुंध्याजवळ बारीक मुळं तयार करून घ्यायची. त्यासाठीच हे तीन महिने.

उद्याच बुंध्याभोवती एक वर्तुळ आखा. घेर ठरवायचा ढोबळ नियम असा की मातीच्या गोळ्याचा व्यास बुंध्याच्या जाडीच्या दहा ते बारा पट हवा. बुंधा 5 सेंमी असेल तर गोळा 50 ते 60 सेंमी. या वर्तुळाच्या थोडं आत, अर्ध्याच घेरावर, धारदार फावड्याने किंवा पहारीने एक फावडं खोल चर घ्या. मुळं स्वच्छ कापली गेली पाहिजेत, ओरबाडलेली नकोत. जाड मूळ लागलं तर करवत वापरा. चर भुसभुशीत माती आणि चांगल्या कुजलेल्या शेणखताने भरा आणि ओलसर ठेवा. चार-पाच आठवड्यांनी उरलेला अर्धा घेर. कापलेल्या टोकांना त्या मऊ मातीत झुपक्याने नवी मुळं फुटतात.

आणि हे नीट लक्षात ठेवा: शेवटी झाड काढताना खणायचं ते या चराच्या बाहेरून, चार बोटं तरी लांब. चराच्याच रेषेवर फावडं घातलंत तर जी मुळं वाढवली तीच कापाल.

रानजाई

मातीमित्र यांच्याशी सहमत. भर एवढीच की हलवण्याआधी प्रत्येक झाडाचा विमा काढून ठेवा. अनंताची गुटी आजच बांधा, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून नवं रोप करायचं. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर इंचभर रुंदीची साल गोल काढायची, आतला हिरवट चिकट थर खरवडायचा, ओलं मॉस (नर्सरीत मिळणारं वाळलेलं शेवाळ) गुंडाळून वर प्लास्टिक घट्ट बांधायचं. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागतात. एकाच फांदीवर विसंबू नका, तीन-चार ठिकाणी बांधा. मूळ झाडाला काही झालंच, तरी आईचाच अनंत तुमच्याकडे राहील. जास्वंद आणि बोगनवेलीच्या काड्या लावल्या तरी पुरे.

आणि हलवताना तिन्ही झाडं निम्मी छाटा. मुळं कमी झाली की वरचा भारही कमी करायलाच हवा.

मातीमित्र

रानजाई, गुटीचा सल्ला उत्तम. सरसकट निम्मी छाटणी मात्र मला पटत नाही. शेंड्यातल्या कोवळ्या कळ्यांकडून ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली उतरतं आणि तेच नव्या मुळांना चालना देतं. पानं अन्न बनवतात, त्या अन्नावर मुळं वाढतात. दोन्ही कापून टाकलं तर मुळं कशाच्या बळावर वाढणार? वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या, आतल्या किडमिड्या फांद्या काढा आणि झाडावर काही आठवडे शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, धरा. अनंताला तर याहून जास्त कात्री लावूच नये.

रानजाई

अनंतापुरतं मान्य. पण गोळा फुटला, किंवा ऊन कडक असलं, तर पानं मुळांना झेपेल त्याहून जास्त पाणी उडवतात. अशा वेळी छाटणीशिवाय इलाज नसतो. जास्वंद निम्मी कापली तरी जोमाने फुटते. तुमची डोक्याच्या वर गेलेली आहे, ती तशीच उचलणं शक्यही नाही.

मातीमित्र

जास्वंदीबद्दल बरोबर आहे. तिला कमरेपर्यंत आणा.

कुदळफावडं

वजनाकडे कुणाचं लक्ष नाही म्हणून लिहितो. 60 सेंमी रुंद आणि 40 सेंमी खोल ओला गोळा दीडशे किलोच्या आसपास भरतो. एकट्याने उचलायचा विचारही करू नका, पाठ धराल. तीन-चार माणसं, जाड गोणपाट किंवा ताडपत्री, आणि घसरवायला एक फळी.

क्रम असा ठेवा. नवा खड्डा आधी तयार. रुंदी गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट, खोली गोळ्याएवढीच. जास्त खोल खणून खाली माती भरलीत तर ती नंतर दबते, झाड खचतं आणि बुंधा मातीत गाडला जाऊन कुजतो. खड्ड्यात पाणी भरून बघा. दुसऱ्या दिवशीही तुंबून राहिलं तर जागा बदला. चिकण मातीत फावड्याने खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात, त्या खरवडून घ्या, नाहीतर मुळं आतल्या आतच फिरत राहतात.

झाडाला आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या, म्हणजे गोळा धरून राहतो. दिवस ढगाळ निवडा, नाहीतर संध्याकाळची वेळ. चारही बाजूंनी खणून झालं की खालून कापायच्या आधी गोळ्याला गोणपाट गुंडाळून सुतळीने आवळा. मग खालची मुळं तोडा, गोळा एका बाजूला कलवून ताडपत्री खाली सरकवा आणि ओढत न्या. बुंध्याला धरून कधीही उचलू नका, गोळा तिथेच निखळतो.

शेवंती

ओसरीताई, अनंत नवीन रॅम्पच्या कडेला लावायचा मोह होईल, पण लावू नका. अनंताला आम्लधर्मी माती लागते. ताज्या सिमेंटमधून चुना झिरपून आजूबाजूची माती अल्कधर्मी होते, मग मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसायला लागतात. गवंड्यांना सिमेंटची घमेली त्या वाफ्यात धुऊ नका असंही आधीच सांगून ठेवा. हलवल्यावर कळ्या गळतील, त्याने घाबरू नका.

बोगनवेलीबद्दल मात्र स्पष्ट सांगते. तिन्हींत सगळ्यात नाजूक तीच. वरून दांडगी दिसते, पण मुळं ठिसूळ असतात आणि मातीला धरून राहत नाहीत, गोळा हमखास ढासळतो. तिला गुडघ्याएवढी कापा (जाड हातमोजे घालून), गोळा शक्य तितका मोठा घ्या आणि काड्यांवर जास्त भरवसा ठेवा.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. अनंताचा अर्धा चर आज घेऊन झाला, उद्या गुट्या बांधते. अजून दोन शंका. नवीन खड्ड्यात खत किती घालू? नर्सरीवाल्याने झाडाला धक्का बसू नये म्हणून बी-1 जीवनसत्त्वाचं औषध सुचवलंय, तेही घालू का? आणि नंतर पाणी रोज द्यायचं का?

मातीमित्र

खड्ड्यात रासायनिक खत अजिबात नको, कापलेली मुळं करपतात. खणून निघालेली मातीच परत भरा. कंपोस्ट वरून पसरा आणि त्यावर पालापाचोळ्याचं तीन बोटं आच्छादन, फक्त बुंध्याला टेकू देऊ नका. बी-1वर पैसे घालवू नका, प्रत्यक्ष जमिनीतल्या झाडांवर त्याचा उपयोग दिसून आलेला नाही.

पाणी दिवस मोजून देऊ नका. बोट गोळ्यातच खुपसून बघा, शेजारच्या मातीत नाही. बाहेरची माती ओली आणि गोळा कोरडा असं सुरुवातीला सर्रास होतं, कारण मुळं अजून गोळ्यातच असतात. दोन पेरं खाली कोरडं लागलं की पाणी हळूहळू, खोलवर मुरेल असं द्या. पाणी जास्त झालं तरी पानं मलूल होतात, तेव्हा पानं बघून लगेच पाइप हातात घेऊ नका.

शेवंती

दुपारी माना टाकल्या आणि संध्याकाळी सावरलं, तर ठीक आहे. सकाळीही मलूल दिसलं तर शेडनेट वाढवा आणि थोडी छाटणी करा. सगळी पानं गळली तरी लगेच उपटू नका. नखाने साल खरवडा, आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. खत नवी पालवी पूर्ण उलगडून गडद झाल्यावरच, तेही निम्म्या मात्रेने.