मदत हवी आहे: डेशूट्सवर स्टीलहेडसाठी रॉड, लाइन आणि स्पे कास्ट

मुक्काम_पोर्टलंड

नमस्कार मंडळी. सप्टेंबरअखेर ओरेगनमधल्या लोअर डेशूट्स नदीवर, मॉपिन गावाच्या आसपास, स्टीलहेडसाठी (समुद्रात जाऊन नदीत परतणारा रेनबो ट्राउट) फ्लाय फिशिंगला उतरायचं आहे. सध्या हाताशी ट्राउटचा ९ फुटी ५ वेट (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा नंबर) रॉड आणि डब्ल्यूएफ-५-एफ (पुढे जाड, तरंगती) लाइन आहे. अडचणी अशा:

१. ३५-४० फुटांपर्यंत कास्ट नीट जाते. त्यापुढे लाइन सोडून जोर लावला की लूप (हवेत उलगडणाऱ्या लाइनचं वळण) कोसळतो, लीडरला (लाइनच्या टोकाची बारीक दोरी) बारीक गाठी बसतात, कधी कधी फ्लाय (हुकावर बांधलेला नकली किडा) रॉडच्या टोकालाच येऊन अडकते.

२. काठावर ऑल्डरची दाट झाडी आहे. मागे लाइन फेकायला जागाच नाही.

३. नवा रॉड घ्यायचा तर ८ वेट सिंगल हँड की ७ वेट स्पे (दोन हातांचा रॉड)? स्कॅजिट, स्कँडी, ग्रेन, टी-११ हे सगळं वाचून डोकं गरगरतंय.

की ५ वेटवरच भागेल? वेडर्स, बूट, जाळी आहे. बजेट ६०० डॉलर, त्यामुळे जे खरंच लागेल तेवढंच सांगा.

ओहोळ

५ वेटवर भागणार नाही. मासा अगदीच येणार नाही असं नाही, पण ५-८ पौंडांचा मासा त्या रॉडवर फार वेळ झुंजवावा लागतो. उन्हाने तापलेल्या पाण्यात तो दमून सोडल्यावरही मरू शकतो. ४ नंबरच्या हुकावरची भरगच्च फ्लायसुद्धा ५ वेटची लाइन धड उलटवत नाही.

पण पहिल्या प्रश्नाचा रॉडशी काही संबंध नाही, नवा रॉड घेतलात तरी तो दोष तुमच्यासोबत येईल. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक, लाइनची रचना. डब्ल्यूएफ लाइनचा जाड भाग, म्हणजे हेड, बहुतेक लाइन्समध्ये ३५-४० फुटांत संपतो. मागे राहते ती बारीक रनिंग लाइन. हवेत फिरवताना ही बारीक लाइन टोकाबाहेर २-३ फुटांपेक्षा जास्त गेली, तर ती पुढच्या जड हेडला जोर पोचवू शकत नाही आणि लूप कोसळतो. तुमचा आकडा नेमका तिथेच अडतोय. हेड संपतं तिथे लाइनवर मार्करने खूण करा, खूण टोकाशी आली की फिरवणं थांबवा आणि उरलेले १०-१५ फूट शेवटच्या पुढच्या कास्टला डाव्या हातातून सुटू द्या.

दोन, गाठी. लोक त्याला वाऱ्याच्या गाठी म्हणतात, वाऱ्याचा दोष क्वचितच असतो. रॉडचं टोक सरळ रेषेत गेलं तर लूपच्या दोन्ही बाजू समांतर राहतात. मध्येच हिसका दिला की रॉड एकदम जास्त वाकतो, टोक रेषेच्या खाली बुडतं आणि वरची बाजू खालच्या बाजूला ओलांडते. हाच टेलिंग लूप. कारणं बहुधा तीन: सुरुवातीलाच सगळा जोर लावणं, मागची लाइन उलगडायची वाट बघताना हात नकळत पुढे सरकणं, म्हणजे पुढच्या कास्टला अंतरच उरत नाही, आणि ५० फूट लाइनला ३० फुटांइतकाच आखूड स्ट्रोक देणं.

उपाय कंटाळवाणा आहे. गवतावर फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधा, ३० फूट लाइन काढा, अंगाने आडवे उभे राहा आणि प्रत्येक वेळी मान वळवून मागचा लूप बघा. लाइन वाढली की स्ट्रोकही लांबवायचा आणि मागे थांबायचं तेही जास्त. वेग हळूहळू वाढवत न्यायचा आणि शेवटी ओलं धुणं झटकताना हात थांबतो तसा एकदम थांबवायचा. फ्लाय रॉडला लागते कारण जाताना-येताना लाइन एकाच रेषेत आहे. मागे नेताना रॉड किंचित बाहेर कलता ठेवा, पुढे आणताना उभा.

साधा_गळ

माझं मत ८ वेट, १० फुटी सिंगल हँड. रोल कास्ट (लाइन मागे न फेकता पाण्यावरूनच पुढे टाकणं) येत असेल तर ४५-५० फूट आरामात जाते, आणि डेशूट्सवर सप्टेंबरमध्ये मासा बऱ्याचदा काठापासून तेवढ्याच अंतरात असतो. शिवाय तोच रॉड पुढे दुसऱ्या मोठ्या माशांनाही चालतो.

खडपे

साधा_गळ यांचं अंतराचं म्हणणं बरोबर, रॉडचं पटत नाही. रोल कास्टने ५० फूट एकदा जाते. दिवसाला दोनशे वेळा, कमरेइतक्या पाण्यात, मागे ऑल्डर आणि दुपारनंतर खालून वर चढणारा वारा असताना नाही जात. दोन हातांचा रॉड इथे लांब फेकण्यासाठी घ्यायचा नसतो. मागे जागा नसताना त्याच श्रमात तीच कास्ट पुन्हा पुन्हा करता यावी म्हणून घ्यायचा असतो. १२.५ ते १३ फुटी ७ वेट घ्या. वापरलेला मिळाला तर उत्तम, फक्त जोड आणि गाइड्सची रिंग तपासून घ्या. रिंगला तडा असेल तर लाइन कापली जाते.

आता ग्रेन, म्हणजे लाइनच्या वजनाचं माप. वेटचा नंबर सिंगल हँड आणि स्पे रॉडला एकाच मोजमापाचा नाही, सगळा गोंधळ इथून सुरू होतो. सिंगल हँड ५ वेट लाइनचे पहिले ३० फूट मानकाप्रमाणे १४० ग्रेन, ८ वेटचे २१०. स्पे ७ वेटला स्कॅजिट हेड लागतं ते साधारण ५०० ते ५५० ग्रेनचं. ४३७.५ ग्रेन म्हणजे एक औंस. म्हणून दुकानात ‘७ वेटची लाइन द्या’ म्हणू नका. रॉडच्या कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेला ग्रेनचा आकडा बघा आणि तो सांगा. हेड हलकं पडलं तर रॉड वाकतच नाही आणि लाइन पुढ्यात ढीग होऊन पडते. जड पडलं तर रॉड मलूल होतो आणि लूप उघडा पडतो.

स्कॅजिट हेड आखूड, २०-२५ फुटांचं, जड. सिंक टिप (लाइनच्या पुढे लावायचा बुडणारा तुकडा) आणि मोठ्या फ्लायसाठी. त्याला पुढे टिप लावावीच लागते, तरंगती का होईना. नुसत्या हेडला लीडर बांधला तर पाण्यावर पकड मिळत नाही. स्कँडी लांब आणि पुढे निमुळतं, हलक्या फ्लाय आणि लांब लीडरसाठी. एकच घ्यायचं तर स्कॅजिट घ्या आणि सोबत दोन टिप: १० फूट तरंगती, १० फूट टी-८. टी-नंतरचा आकडा म्हणजे एका फुटाचे ग्रेन. टी-११ चे १० फूट म्हणजे ११० ग्रेन, सुमारे ७ ग्रॅम. सप्टेंबरमध्ये पाणी ५० अंश फॅरेनहाइटच्या वर असतं, मासा वर येऊन फ्लाय घेतो. तरंगतीवरच बरंचसं काम होईल. टी-१४ हिवाळ्यासाठी.

रिळापासून पुढचा क्रम: ३० पौंडी डेक्रॉन बॅकिंग १०० ते १५० यार्ड, रनिंग लाइन १०० फूट, हेड, टिप, लीडर. सगळे जोड लूपमध्ये लूप. तरंगत्या टिपला ९-१० फूट लीडर, सिंक टिपला फक्त ३ ते ५ फूट, १० किंवा १२ पौंडी. सिंक टिपवर लांब लीडर बांधला की टिप खाली आणि फ्लाय वर तरंगत राहते, मग टिपचा उपयोगच काय? गाठ ओली करूनच आवळा. कोरडी आवळलेली गाठ उष्णतेने कमकुवत होते आणि मोठ्या माशालाच तुटते.

पैसे वाचवायचे तर रिळावर वाचवा, लाइनवर नको. फक्त रिळात हे सगळं मावतंय ना ते आधी विचारा. ७-८ वेटचं सिंगल हँड रीळ स्पे हेडला पुरत नाही.

मुक्काम_पोर्टलंड

ओहोळ, खडपे, साधा_गळ, मनापासून आभार. स्पे घ्यायचं ठरतंय. उजव्या हाताने कास्ट करतो. इतक्या नावांतून आधी कोणती कास्ट शिकू?

ओहोळ

दोनच शिका: स्नॅप टी आणि डबल स्पे. कुठली कधी हे वारा ठरवतो. फ्लायची पकड, म्हणजे अँकर, नेहमी वारा ज्या दिशेला जातो त्या बाजूला पडली पाहिजे, म्हणजे वारा लाइनला तुमच्यापासून लांब नेतो. वारा प्रवाहाच्या उलट, वर जात असेल तर अँकर वरच्या बाजूला: स्नॅप टी. वारा प्रवाहाबरोबर खाली जात असेल तर अँकर खालच्या बाजूला: डबल स्पे. उलट केलंत तर हुक कानाजवळून जातो. चष्मा आणि टोपी हवीच.

वारा नसेल तर उजवा हात वर ठेवून डाव्या काठावर स्नॅप टी आणि उजव्या काठावर डबल स्पे सोयीची. डावा-उजवा काठ नदीच्या खालच्या दिशेला तोंड करून ठरवायचा. मॉपिनला वारा वर चढतो, तेव्हा सुरुवात डाव्या काठाने करा. नदीकडे तोंड केलं की प्रवाह तुमच्या डावीकडे जाईल.

स्नॅप टी अशी: स्विंग (फ्लायचा प्रवाहात आडवा फिरत काठाकडे येणं) संपल्यावर लाइन डावीकडे खाली सरळ लोंबत असते. टोक पाण्याला टेकवा, ढील काढून घ्या. रॉड सावकाश वर उचला, टोक थोडं नदीकडे. वर पोचल्यावर थांबू नका, टोक त्याच वाटेने खाली आणि किंचित परत डावीकडे कापा. लाइन उडून तुमच्या उजवीकडे वरच्या अंगाला पडते. फ्लाय तुमच्यापासून साधारण एक रॉड लांबीवर आणि थोडी समोर पडायला हवी. जवळ किंवा मागे पडली तर ती कास्ट पुढे नेऊ नका, सोडून द्या. मग रॉड खालून सलग फिरवत उजव्या खांद्यामागे न्या, लाइन पाण्यावरून सोलत निघते आणि मागे इंग्रजी डी आकाराचा लूप तयार होतो. तिथून पुढे.

पुढच्या कास्टमध्ये खालचा हात पोटाकडे ओढायचा, वरचा फक्त टेकू. सिंगल हँडवाल्यांचं हमखास इथेच चुकतं: वरच्या हाताने ढकलतात, टोक पाण्याकडे जातं आणि लाइन समोर आपटते. टोक उंच थांबवा.

डबल स्पे, उजव्या काठावरून: लाइन उजवीकडे खाली लोंबते. रॉड उचलून शरीरासमोरून वर, डावीकडे न्या आणि टोक खाली करा, फ्लाय मात्र उजवीकडेच, एक रॉड लांबीवर राहिली पाहिजे. मग परत उजवीकडे झाडल्यासारखं फिरवत उजव्या खांद्यामागे आणि पुढे.

बिघाड कानाने ओळखा. मागे चाबकासारखा आवाज आला म्हणजे अँकर सुटला, फिरवण्याचा जोर कमी करा. पुढे जाताना पाणी ओरबाडल्याचा आवाज येऊन लाइन अडकली तर फार लाइन पाण्यात चिकटली आहे: मध्ये कुठेतरी रेंगाळलात. आणि डी लूप लक्ष्याच्या बरोबर उलट दिशेला असायला हवा. लाइन उजवीकडे वळून पडत असेल तर बहुधा लूप तिरका आहे.

साधा_गळ

कास्ट आली तरी मासा वेगळा विषय आहे, म्हणून थोडं. चालण्याच्या वेगाचं, ३ ते ६ फूट खोल, तळाला मोठे गोटे असलेलं पाणी शोधा. आत शिरायच्या आधी काठावरून २० फूट लाइनने सुरुवात करा, मग दर कास्टला २-३ फूट वाढवा. नवखे थेट कमरेपर्यंत उतरतात आणि मासा असतो तिथेच उभे राहतात. लाइन पुरेशी लांब झाली की ती तेवढीच ठेवून दर कास्टनंतर खाली दोन पावलं सरका.

आडवं-खाली ४५ अंशात टाका, एकदा मेंड करा (लाइन उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवा), मग लाइन ताणलेली ठेवून हात लावू नका. स्विंग काठाशी संपला तरी काही सेकंद लोंबू द्या, बरेच फटके तिथेच बसतात. फ्लाय: ग्रीन बट स्कंक, मडलर, काहीतरी जांभळं. ६ नंबर पुरे.

आणि ट्राउटची सवय इथे घातक: झटका आला की रॉड वर उचलायचा नाही. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) हलका ठेवा, मासा फ्लाय घेऊन वळू दे, रीळ गाऊ दे, मगच रॉड काठाकडे आडवा घ्या. लगेच उचलला तर फ्लाय तोंडातून सरळ बाहेर.

कुलू_ते_कोथरूड

विषयांतराबद्दल माफी. पुण्याहून हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर जातो, तिथे स्पे लागेल का?

खडपे

नाही. तीर्थनमध्ये ब्राउन आणि रेनबो ट्राउट आहेत, स्टीलहेड नाही. नदीही अरुंद. ८.५ ते ९ फुटी ४ किंवा ५ वेट भरपूर. निम्फला (पाण्याखालच्या किड्यासारखी फ्लाय) इंडिकेटर (तरंगता बुचासारखा गोळा) खोलीच्या दीडपट अंतरावर बांधा. हिमाचलचा परवाना लागतो आणि हिवाळ्यात हंगाम बंद असतो. सविस्तर हवं तर वेगळा धागा काढा.

ओहोळ

मुक्काम_पोर्टलंड, कागदपत्रं राहून जाऊ नयेत. ओरेगनचं अँगलिंग लायसन्स, कम्बाइंड टॅग (पकडलेल्या माशांच्या नोंदीसाठी) आणि कोलंबिया खोऱ्याचं एंडोर्समेंट, तिन्ही लागतात. लोअर डेशूट्सवर तरंगत्या बोटीतून मासेमारी करता येत नाही, बोट थांबवून उतरावं लागतं. खरं आमिष नदीच्या बहुतेक भागात चालत नाही. निघायच्या आदल्या दिवशी ओडीएफडब्ल्यूच्या (ओरेगनचा मत्स्य आणि वन्यजीव विभाग) संकेतस्थळावर नियम पुन्हा बघा: २०२१ मध्ये परतणारे मासे इतके कमी होते की स्टीलहेडसाठी ही नदी बंद केली होती. पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा अ‍ॅडिपोज पर शाबूत असेल तर मासा जंगली, तो सोडायचाच. हुकाचा उलटा काटा चपटा करा, मासा पाण्यातच धरा. थर्मामीटर ६८ अंश फॅरेनहाइट दाखवत असेल तर त्या दिवशी रॉड बाहेरच काढू नका.

मुक्काम_पोर्टलंड

नोंद घेतली. रॉडच्या चार तुकड्यांच्या जोडांना मेण लावायचं का?

खडपे

स्पेला मेणावर भागत नाही. या कास्टमध्ये रॉड पिळला जातो, जोड हळूहळू सैल होतात आणि सैल जोडावरच रॉड फुटतो. तिन्ही जोडांवर इलेक्ट्रिकल टेपचे दोन-तीन वेढे द्या, अर्धा वरच्या तुकड्यावर, अर्धा खालच्या. संध्याकाळी काढा, नाहीतर चिकटा राहतो.