वस्तीत चोऱ्या वाढल्या आहेत. पोलिसांनी ठोस दखल घ्यावी यासाठी रहिवाशांनी नेमकी कोणती मागणी करावी?

प्रश्न

गेल्या सहा महिन्यांत आमच्या वस्तीत पाच घरफोड्या झाल्या, दोन गाड्यांच्या काचा फोडून आतले सामान पळवण्यात आले आणि मागच्या बोळातून जाणाऱ्या एका वृद्ध बाईंची पिशवी हिसकावली गेली. पोलीस दर वेळी आले, त्यांनी माहिती लिहून घेतली आणि गस्त वाढवण्याचे आश्वासन दिले. त्यानंतर आठवडाभर त्यांची गाडी फिरताना दिसते आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एका घरात तर पाच आठवड्यांत दोनदा चोरी झाली आणि त्या घरातली मुले आता रात्री वेगळ्या खोलीत झोपायला घाबरतात. ऐंशी रहिवाशांच्या सह्यांचे निवेदन आम्ही दिले, त्याची पोच मिळाली, उत्तर मात्र आले नाही. पोलिसांशी वाद घालण्याची आमची इच्छा नाही, पण ‘लक्ष ठेवतो’ एवढ्यावर समाधान मानणे आता शक्य नाही. वस्तीत रात्रभर गस्तीची गाडी फिरती ठेवावी, अशी मागणी आम्ही करणार आहोत. ती योग्य आहे का, आणि ती मान्य होण्यासाठी काय करावे?

उत्तर १ (एक रहिवासी)

घडलेल्या सगळ्याच घटनांची तक्रार झाली आहे का, हे आधी घरोघरी जाऊन विचारा. आमच्या वस्तीत नऊ घटना घडल्या होत्या आणि नोंद फक्त तिघांनी केली होती, कारण बाकीच्यांना ‘काही उपयोग होणार नाही’ असे वाटत होते. मनुष्यबळ कुठे द्यायचे, हे वरिष्ठ अधिकारी नोंदींवरून ठरवतात. जे नोंदलेच नाही, ते त्यांच्या दृष्टीने घडलेलेच नसते.

उत्तर २ (निवृत्त पोलीस अधिकारी)

तुमचा संताप रास्त आहे, पण रात्रभर फिरणाऱ्या गाडीची मागणी करू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये १९७२-७३ साली १५ बीटचे, म्हणजे गस्तीच्या विभागांचे, तीन गट करून एका गटातली नेहमीची गस्त बंद केली, दुसऱ्यात होती तशी ठेवली आणि तिसऱ्यात दुप्पट-तिप्पट केली. वर्षभराने पाहता गुन्ह्यांच्या प्रमाणात आणि नागरिकांच्या भीतीत लक्षणीय फरक आढळला नाही. सगळीकडे सारखी पसरलेली गस्त कुठेच पुरेशी नसते, हे मी नोकरीतही पाहिले आहे.

याउलट, गुन्हे ठरावीक जागी साचतात. अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहरात पोलिसांना आलेल्या दूरध्वनींचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यात पोलिसांना येणाऱ्या मदतीच्या एकूण हाकांपैकी निम्म्या हाका शहरातल्या सुमारे ३ टक्के पत्त्यांवरून येत असल्याचे दिसले. तिथल्याच पुढच्या निरीक्षणांतून असेही आढळले की पोलिसांनी अशा जागी दहा-पंधरा मिनिटे थांबून मग निघून जाण्याचा परिणाम नुसत्या चक्करेपेक्षा जास्त वेळ टिकतो, आणि त्याहून अधिक थांबून फारसे काही साधत नाही. अमेरिकेतल्याच फिलाडेल्फिया शहरात २००९ साली हिंसक गुन्ह्यांच्या निवडक ६० ठिकाणी पायी गस्त ठेवल्यावर, तशाच इतर ठिकाणांच्या तुलनेत हे गुन्हे २३ टक्क्यांनी कमी झाले. गस्त काढून घेतल्यावर मात्र तो परिणाम ओसरला, हेही सांगायला हवे.

म्हणून प्रत्येक घटनेची जागा, वार, अंदाजे वेळ आणि चोर आत शिरण्याची वाट एका साध्या तक्त्यात लिहा आणि नकाशावर खुणा करा. मग निवेदनात ‘गस्त वाढवा’ असे न लिहिता ‘या बोळाच्या तोंडाशी, या वेळेत, आठवड्यातून इतक्या वेळा पायी थांबा’ असे लिहा. मोघम मागणीला मोघम आश्वासन मिळते. नेमकी मागणी नाकारायची झाली तर अधिकाऱ्याला कारण द्यावे लागते.

दोनदा चोरी झालेल्या घराकडे सर्वांत आधी लक्ष द्या. एकदा फोडलेले घर पुन्हा फोडले जाण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो, कारण चोराला वाट माहीत झालेली असते. इंग्लंडमधील रॉचडेलच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८०च्या दशकात नेमक्या अशाच घरांची कुलुपे-दारे मजबूत केली, नाणी टाकून चालणारे घरातले गॅस-विजेचे मीटर चोरांना आकर्षित करत होते म्हणून ते काढले आणि आजूबाजूच्या पाच-सहा घरांना त्या घराकडे लक्ष ठेवायला सांगितले. तीन वर्षांत वसाहतीतल्या घरफोड्या सुमारे ७५ टक्क्यांनी कमी झाल्या.

उत्तर ३ (एक रहिवासी)

वरील सल्ला उपयुक्त असला तरी एक गोष्ट मला खटकली. तक्ता करायचा आम्ही, नकाशा काढायचा आम्ही आणि घरांवर लक्षही आम्हीच ठेवायचे, तर मग ज्याचे घर फुटले त्याला तपास कुठवर आला हे पोलिसांनी कधी सांगायचे? आमच्याकडे चोरी झाल्यानंतर चौदा महिने एकही फोन आला नाही. वस्तू गेल्याचे दुःख मागे पडले, पण आपल्याला कोणी मोजत नाही ही भावना अजून गेलेली नाही. निवेदनात तपासाच्या माहितीची मागणी अवश्य ठेवा, आणि ती देणारा अधिकारी कोण व किती दिवसांनी देणार, हेही लेखी मागा.

उत्तर ४ (वस्ती समितीची कार्यकर्ती)

बोळात दिवे आहेत का? न्यूयॉर्कमधल्या सार्वजनिक वसाहतींत २०१६ साली चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या जागी प्रखर दिवे लावले, तेव्हा रात्री घराबाहेर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. दिव्यांचे काम पोलिसांचे नसल्याने त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल. कळकळीची विनंती अशी की, संशयावरून कोणा अनोळखी माणसाचे छायाचित्र रहिवाशांच्या गटावर फिरवू नका. आमच्याकडे अशाने एका निरपराध मुलाला मार बसला, आणि त्यानंतर खरी माहिती असलेले लोकही पोलिसांशी बोलेनासे झाले.

उत्तर २ चे लेखक

उत्तर ३ मधली तक्रार मला मान्य आहे. तपासाची माहिती देणे हे उपकार नव्हेत, ते आमचे कामच होते आणि आम्ही ते पुष्कळदा केले नाही.

प्रश्नकर्ती

काल घरोघरी फिरल्यावर नोंद न झालेल्या आणखी तीन घटना कळल्या. आता एकूण अकरा घटनांपैकी सात मागच्या बोळाला लागून आहेत आणि त्यांतल्या पाच संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यानच्या आहेत. हे आम्हाला सहा महिन्यांत एकदाही दिसले नव्हते. दोनदा फोडलेल्या घराचे मागचे दारही त्याच बोळात उघडते. त्या दाराला आज नवे कुलूप बसवले आणि शेजारच्या पाच घरांनी पाळ्या ठरवल्या. निवेदन नव्याने लिहीत आहे. त्यात बोळाच्या तोंडाशी त्या तीन तासांत पायी गस्त आणि पाचही घरफोड्यांच्या तपासाची लेखी माहिती, एवढ्या दोनच मागण्या आहेत. तीन तक्रारदारांना घेऊन सोमवारी स्वतः पोलीस ठाण्यात जाणार आहे.