तीन-चार होस्टसाठी फायबर चॅनेल कशाला? आयएससीएसआय पुरे!

सर्व्हरखोली:
तीन-चार व्हर्च्युअलायझेशन होस्ट (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सर्व्हर) आणि दोन कंट्रोलरचा एक स्टोरेज ॲरे (सगळ्यांना डिस्क देणारं सामायिक खोकं). एवढ्यासाठी वेंडर कोटेशनमध्ये फायबर चॅनेलचे (फक्त स्टोरेजसाठीचं वेगळं जाळं) स्विच आणि एचबीए (त्यासाठी सर्व्हरमध्ये लागणारी कार्डं) घालतो, आणि मॅनेजमेंट सही करून मोकळं होतं. माझ्या मते हे पैसे पाण्यात. आयएससीएसआयचं, म्हणजे साध्या इथरनेटवरून डिस्क देण्याच्या पद्धतीचं, प्रमाण २००४ सालीच आलं, १० किंवा २५ गिगाबिटचे स्विच आज सहज मिळतात. दोन वेगळे स्विच, दोन वेगळे सबनेट, प्रत्येक होस्टचा एकेक पोर्ट दोन्हीकडे आणि वर मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे जाणाऱ्या दोन वाटा). एक स्विच मेला तरी काम थांबत नाही. वाचलेल्या पैशांत धड बॅकअप उभा करा.

केबलवाला:
असहमत. स्विच वेगळे राहतात ते फक्त ड्रॉइंगवर. काही महिन्यांत "पोर्ट रिकामे होते" म्हणून कोणीतरी त्यावर सीसीटीव्ही जोडतो. मग पॅकेट गळतात, टीसीपी तेच ते पुन्हा पाठवत बसतं, डेटाबेस रखडतो आणि बोलणी खातो स्टोरेजवाला. फायबर चॅनेलमध्ये समोर बफर रिकामा असल्याशिवाय फ्रेम निघतच नाही, आणि त्या जाळ्यात कॅमेरा जोडताच येत नाही.

सर्व्हरखोली:
रिकामे पोर्ट शटडाउन करून ठेवा, प्रश्न मिटला. इथरनेटवर खरा घोळ होतो तो जंबो फ्रेमचा, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या पॅकेटचा. होस्टवर एमटीयू (पॅकेटची कमाल मर्यादा, बाइटमध्ये) ९०००, ॲरेवर ९०००, मधला स्विच मात्र १५०० वर. लॉगिन होतं, साधं पिंग जातं, लनही (ॲरेने दिलेली डिस्क) दिसतो. मोठी फाइल कॉपी करायला घेतली की सगळं ठप्प. म्हणून फ्रॅगमेंटेशन बंद ठेवून ८९७२ बाइटचं पिंग प्रत्येक वाटेवर मारून बघायचं (उरलेले २८ बाइट हेडरचे). हे केल्याशिवाय लन द्यायचाच नाही.

रात्रपाळी:
तुम्ही दोघं तारेवरून भांडताय. डेटा जातो तो दुसऱ्याच कारणाने. एकच लन दोन होस्टना दिला आणि त्यावर ईएक्सटी४ किंवा एनटीएफएससारखी एकाच सर्व्हरसाठीची साधी फाइल सिस्टिम असेल, तर दोघेही डिस्क आपल्या एकट्याची समजून लिहितात. एकाने काय बदललं ते दुसऱ्याच्या कॅशला कळत नाही, आणि फाइल सिस्टिमची वाट लागते. तिथे अनेक होस्टनी एकत्र वापरायची फाइल सिस्टिम, म्हणजे व्हीएमएफएस (व्हीएमवेअरची), जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ हवी. लिनक्स क्लस्टर असेल तर फेन्सिंगही (बिघडलेल्या होस्टला डिस्कपासून जबरदस्तीने तोडणं) हवंच, ते टाळणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. हे झेपत नसेल तर सरळ एनएफएस घ्या, म्हणजे डिस्कऐवजी नेटवर्कवरून फाइलच वाटायच्या. फाइल सिस्टिम एकटा सर्व्हर सांभाळतो.

केबलवाला:
एनएफएसवर ब्लॉकसारखं मल्टिपाथ सहज होत नाही, म्हणून मी घेणार नाही. बाकी शंभर टक्के सहमत, आणि त्यात मास्किंगची (कोणता लन कोणत्या होस्टला दिसावा ते ॲरेवर ठरवणं) भर घालतो. व्हीएमएफएसचा लन चुकून विंडोज सर्व्हरला दिसला की डिस्क मॅनेजमेंट "इनिशिअलाइज करू का?" विचारतं. नवखा मुलगा ओके दाबतो आणि पार्टिशन टेबल जातं. फायबर चॅनेलला झोनिंग (कोण कोणाशी बोलेल ते स्विचवर ठरवणं) आणि मास्किंग अशी दोन कुलपं असतात.

सर्व्हरखोली:
आयएससीएसआयलाही दोन लावता येतात. ॲरेवर प्रत्येक होस्टचा आयक्यूएन (आयएससीएसआयमधलं त्याचं नाव) नोंदवून त्याला त्याचेच लन द्या, आणि चॅप (लॉगिनला पासवर्डची तपासणी) चालू करा. चॅप "नंतर बघू" म्हणून सोडून देतात, ते बंद व्हायला हवं. तीन-चार होस्टना यापलीकडे फायबर चॅनेल काय जास्त देतं, ते अजून कोणी दाखवलेलं नाही.